बंड्याला पत्र : टायरच्या आधी ट्रक

डेन्व्हर,
१२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

"हाफ-टन पिकअप ट्रकच्या हौद्यावर राहायचा कॅम्पर टाकतोय, जास्त ओझं पेलणारे दहा प्लायचे टायर कुठले घेऊ?" हा तुझा मेसेज वाचून कालपासून डोकं खाजवतोय. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून सविस्तर लिहितो.

टायरचं राहू दे बाजूला. तू पाठवलेल्या फोटोत ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर नीट बघ. माणसं आणि सामान मिळून १,६२० पौंड, त्यावर नाही. आणि कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन किती? १,९५०, तेही कोरडं! त्यात तीस गॅलन पाणी भरलंस की अडीचशे पौंड तिथेच वाढले. मग गॅसची टाकी, बॅटरी, तुम्ही दोघं, शिवाय वहिनींचा कुकर आणि डाळ-तांदळाचे डबे. पावणेतीन हजारांच्या घरात जाशील. दहा प्लाय काय, रणगाड्याचे टायर लावलेस तरी ॲक्सल, स्प्रिंग आणि ब्रेक तेच राहणार. तेव्हा हा ट्रक घेऊ नकोस. त्याच्या वरच्या वर्गातला थ्री-क्वार्टर टन तरी बघ, त्याहून वरचा वन टन मिळाला तर उत्तमच.

आता माझी फजिती ऐक. गेल्या मे महिन्यात आम्ही आमचा कॅम्परचा ट्रक घेऊन युटातल्या मोआबला निघालो. आदल्या दिवशी ऑइल बदलून घेतलं, तिथल्या पोराने चारही टायरमध्ये हवेचा दाब ५० पीएसआयच ठेवून दिला. मीही बघितलं नाही. आय-७० हायवेवर शेजारून मोठा ट्रेलर गेला की आपला सगळा डोलारा डुलायचा. मला वाटलं, वारा आहे. ग्रँड जंक्शनला उतरून मागच्या टायरच्या कडेला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तापलेला तवा! पुढचे टायर मात्र नुसते कोमट. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दबते, त्यातून उष्णता होते, आणि मग एखाद्या उतारावर तो फुटतो. हिच्यासमोर मी काही बोललो नाही, पण पोटात गोळा आला होता.

हवा भरून घेतली आणि हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर पाण्यासकट, माणसांसकट वजन केलं. तिथे पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतात. मागे भरले ५,८६० पौंड, म्हणजे एका टायरवर २,९३०. माझे टायर एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे, २४५/७५ आर १७, लोड रेंज ई, म्हणजे तुझे ते दहा प्लायच. एकाची क्षमता ३,१९५ पौंड, पण पूर्ण ८० पीएसआय असेल तर! म्हणजे पन्नासवर मी काय चालवत होतो, बघ.

पुढे अठरा इंची रिम मिळाल्या तेव्हा २७५/७० चे ई रेंजचेच टायर घेतले. एकाला ३,६४० पौंड. रिमची क्षमताही बघून घेतली, ती लोक विसरतात. तरी स्टिकरवरची मागच्या ॲक्सलची ६,१०० पौंडांची मर्यादा तेवढीच राहिली, त्यामुळे सामान एक पौंडही वाढवलेलं नाही. नक्षी साधी, हायवेची. चिखलाचे खडबडीत टायर दिसतात रुबाबदार, पण असल्या ओझ्याखाली त्यांचे ठोकळे लवलवतात.

आणखी एक. आकड्याआधी 'पी' असलेले टायर कारचे. असल्या ट्रकवर त्यांची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते. आणि साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. दुकानदाराकडून धातूचे मागून घे, तो आपणहून देणार नाही.

जुना ट्रक बघशील तेव्हा नक्षीवर भाळू नकोस. टायरच्या कडेवर 'DOT' अक्षरांपुढे एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच. ३११६ म्हणजे २०१६ सालचा ३१वा आठवडा. स्पेअरचेही वाच; माझ्या ट्रकला स्पेअर अजून कारखान्यातलाच होता, बारीक चिरांनी भरलेला.

दुसरा ट्रक सापडला की दाराचा स्टिकर आणि कॅम्परवरची वजनाची पाटी, दोन्हींचे फोटो पाठव. बयाणा मात्र त्याआधी देऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग, आणि कुकर न्यायला माझी काही हरकत नाही म्हणावं.

तुझा,
सुऱ्या