नौरूची गोष्ट १९६८ पासून सुरू होत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पॅसिफिक महासागरातल्या नौरू या एका बेटाच्या देशावर एक चौकट आली होती, फॉस्फेटचा पैसा आला, लोकांनी गाड्या घेतल्या, सरकारने लंडनला एका म्युझिकल नाटकात पैसे घातले ते आपटलं, देश कंगाल झाला वगैरे. खोटं नाहीये त्यात काही. पण तुम्ही गोष्ट १९६८ पासून, म्हणजे देश स्वतंत्र झाला तिथून सुरू केलीत आणि फॉस्फेट खणायला सुरुवात झाली होती त्याच्या साठ वर्षं आधी. माझं खताचं दुकान आहे, फॉस्फेटच्या गोण्या रोजच्याच, त्यामुळे या विषयाचा जरा नाद आहे म्हणून लिहितोय.

बेट केवढं तर २१ चौरस किलोमीटर. माणसं राहतायत साधारण तीन हजार वर्षांपासून, बारा कुळं, झेंड्यावरच्या चांदणीला बारा टोकं आहेत ती त्यांचीच. इबिजा नावाच्या माशाची बारीक पिल्लं समुद्रकाठच्या खडकातून पकडायची, हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावायची आणि मग बुआडा तळ्यात सोडून मोठी करायची, हे ते कुणी शिकवायला यायच्या आधीपासून करत होते.

१७९८ ला जॉन फर्न हा इंग्रज कप्तान जवळून गेला, त्याने 'प्लेझंट आयलंड' नाव ठेवलं. मागून व्हेलवाली जहाजं आली, त्यांच्याबरोबर बंदुका आणि दारू. १८७८ मधे एका लग्नात वाद झाला, पिस्तूल उडालं, एक तरुण सरदार गेला आणि पुढची दहा वर्षं आपसात नुसती गोळागोळी. १८८८ ला जर्मनांनी बेट ताब्यात घेतलं आणि आधी बंदुका गोळा केल्या तर सातशेच्या वर निघाल्या, माणसं जेमतेम हजारभर!

आता मुख्य भानगड. सिडनीत एका कंपनीच्या ऑफिसात दार अडकवायला नौरूहून आणलेला एक दगड ठेवलेला होता, लाकडाचा दगड झालाय असं सगळे धरून चालले होते. अल्बर्ट एलिस म्हणून तिथे नोकरीला होता त्याला शंका आली, त्याने तपासून बघितला तर एक नंबरचं फॉस्फेट. १९०७ पासून माल जहाजाने जायला लागला आणि जमीनमालकाला सुरुवातीला मिळायचा टनामागे अर्धा पेनी. टनामागे बरं का, गोणीमागे नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं, मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड तिघांनी मिळून फॉस्फेटचा कारभार बघायला एक कमिशन नेमलं आणि माल जगातल्या भावापेक्षा स्वस्तात आपापल्या शेतकऱ्यांना दिला. म्हणजे सबसिडी त्यांच्या शेतकऱ्याला आणि ती कुणाच्या खिशातून ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या महायुद्धात जपानी आले, १२०० लोकांना उचलून पॅसिफिकमधल्याच ट्रुक बेटांवर नेलं, ३१ जानेवारी १९४६ ला परत आले ७३७.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाची ऑफर अशी की तुमचं बेट खणून संपणारच आहे तर क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. पण स्वतःचं राज्य मिळणार नाही म्हटल्यावर नौरूचे पुढारी हॅमर डीरोबर्ट आणि मंडळींनी १९६४ ला साफ नाही सांगितलं. स्वातंत्र्य घेतलं १९६८ ला आणि तारीख मुद्दाम ३१ जानेवारीच, ट्रुकहून परत आल्याची. तोपर्यंत बेटाचा एक तृतीयांश भाग खणून झालेला होता, वर उरले चुनखडीचे सुळके, तिथे ना शेती ना घर. याची भरपाई मागायला ते १९८९ मधे आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १९९३ ला ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल करून बाहेरच मिटवलं.

नंतरची उधळपट्टी त्यांची, ती त्यांच्याच नावावर टाका, माझं काही म्हणणं नाही. चौकटीत जागा कमी असते तेही मान्य, पण आधीची साठ वर्षं दुसऱ्यांनी खणलं एवढी एक ओळ मावली असती.

- तुमचा जुना वाचक, जि. सांगली