मार्करला टोपण लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम जय भीम.

आमच्या वस्तीतल्या बायकांचं नाटक बसवून तुम्ही परत गेलात त्याला आज बारा दिवस झाले. विहाराच्या अंगणात खेळ झाला त्या रात्री तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुमच्याभोवती बायकांचा गराडा होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहिते आहे, कारण जे झालं ते सगळ्या वस्तीसमोर झालं.

तुमच्याआधी आमच्याकडे नाटकवाले आले नव्हते असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक संस्था आली होती. पिवळे टी-शर्ट, मोठं बॅनर, छापील संहिता. विषय होता घरकामगार महिलांचं सक्षमीकरण. घरकामगाराची भूमिका त्यांनी सोबत आणलेल्या कॉलेजच्या मुलीला दिली. चार घरची धुणीभांडी करणारी माझी आई गर्दीत उभी. तिला एकच वाक्य होतं, ‘मला माझा हक्क मिळालाच पाहिजे.’ आई ‘मले’ म्हणायची. दिग्दर्शक सगळ्यांदेखत तिला थांबवायचे, ‘मावशी, मले नाही, मला.’ असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी ते वाक्य काढून दुसऱ्या बाईला दिलं. आई घरी आली आणि काही न बोलता पोळ्या लाटायला बसली. त्यांच्या फोटोत ती आहे, अगदी मागे, बॅनरच्या दोरीखाली. हक्काचं वाक्य ज्यांनी एका बाईच्या तोंडातून काढून घेतलं, त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

पण त्या रात्री मीही आईला म्हटलं होतं, ‘एवढं साधं मला म्हणता येत नाही का तुला?’ माझं ‘मले’ शाळेत पाचवीतच गेलं, वर्गातल्या हसण्यानं गेलं. त्यानंतर मी घरात आईची भाषा दुरुस्त करत राहिले. हे तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणूनच तुम्ही जे केलं ते मला इतकं लागलं.

तुम्ही मे महिन्यात आलात, पारा पंचेचाळीसच्या वर होता तेव्हा. पहिल्या दिवशी तुम्ही एवढंच विचारलंत, की बायकांना मोकळा वेळ कधी असतो. दुपारी तीन ते पाच, सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामाच्या मधले दोन तास. नागपुरात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. तुम्ही रोज तीनच्या ठोक्याला हजर. पहिले काही दिवस संवाद नव्हतेच. दुसरीच्या तळहातामागे चेहरा नेत चालायचं, एकमेकींना मातीसारखं वळवून पुतळे करायचे. मी कूलरजवळ फोन घेऊन बसलेली असायचे, आईला सोबत म्हणून.

मग एक दिवस तुम्ही म्हणालात, ‘आपल्या कामाचा पुतळा करा.’ आईनं शेजारच्या काकूंना वाकवलं. त्यांच्या हातात पिशवी दिली, पिशवीचं तोंड जमिनीकडे केलं. दुसऱ्या बाईला समोर उभं केलं आणि तिचं बोट त्या पिशवीकडे वळवलं. हॉलमध्ये एकही बाई काही बोलली नाही. सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त मला.

तीन वर्षांपूर्वी एका घरी चांदीचे पैंजण हरवले होते. आईची पिशवी जिन्यात रिकामी केली, साडीचा पदर झटकायला लावला. पैंजण दोन दिवसांनी त्यांच्याच कपाटामागे सापडले. कोणी ‘चुकलं’ म्हटलं नाही. आई महिना भरेपर्यंत तिथं जात राहिली, कारण पगार अडकला होता आणि माझी परीक्षा फी भरायची होती. हे सगळं मला माझ्याच घरात कळलं नाही, तुमच्या तालमीत कळलं.

तुम्ही आईला विचारलंत, त्या बाईला काय म्हणावंसं वाटलं होतं? आई बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. तुम्ही घाई केली नाहीत. मग ती म्हणाली, ‘बाई, मले एक बार इचारलं असतं तं मी सांगतलं असतं.’

तुम्ही ते भिंतीवरच्या ब्राऊन पेपरवर लिहिलंत. जसं बोलली तसं. मी लगेच उठून म्हटलं, ‘ताई, तिथं मला करा, विचारलं करा, लोक हसतील.’ तुम्ही मला रागावला नाहीत, समजावलंही नाहीत. मार्करला टोपण लावलंत, तो मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, ‘वाक्य तुझ्या आईचं आहे. तिला विचार.’

आणि मग थांबलात. सगळ्या बाया थांबल्या. मला खरंच आईकडे वळून विचारावं लागलं. मी तिला शेवटचं कधी काही विचारलं होतं, मला आठवेना. सांगत मात्र रोज होते. आई म्हणाली, ‘राहू दे ना. असंच तं बोलतो आपन.’

ताई, तुमचे आभार त्या टोपणासाठी आहेत. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

आई भंडाऱ्याकडची. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं, दंडार, खडी गंमत अशी आमच्याकडची लोकनाट्यं बघत ती वाढली. बैलबंडीत पोतं अंथरून पहाटेपर्यंत जागायची. पण नाटक आपण बघायचं असतं, करणारे वेगळे असतात, असंच तिला ठाऊक होतं. तुम्ही एका दुपारी ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची गोष्ट सांगितलीत. लष्करी राजवटीनं 1971 मध्ये त्यांना पकडून छळ केला, देश सोडावा लागला. पुढे पेरूमध्ये एका खेळात प्रेक्षकांतल्या बाईनं उपाय सुचवला. नटांनी तो करून दाखवला, पण तिच्या मनासारखा होईना, तेव्हा ती स्वतःच उठून मंचावर गेली. बघणाऱ्यानं उठून करून दाखवायचं, ही रीत तिथून पक्की झाली. गोष्ट संपल्यावर आईनं विचारलं, ‘तिथं आमच्यावानी बाया हायेत का?’ तुम्ही रिओमधल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या ‘मारियास दो ब्राझील’ या नाटकाच्या गटाबद्दल सांगितलंत. बंगालमध्ये 1985 पासून खेड्यापाड्यांत हेच काम करणाऱ्या ‘जन संस्कृती’बद्दल सांगितलंत. बाकी नावं आई विसरली. ‘मारिया’ मात्र तिच्या लक्षात राहिली. भांडी घासताना मध्येच म्हणते, ‘त्या मारियायले पगारी सुट्टी भेटत असन का?’

खेळाची रात्र. ऊन उतरल्यावर आठ वाजता. बारा मिनिटांचं नाटक, आणि शेवट हरण्याचा. आई रिकामी पिशवी उचलून गप निघून जाते. तुम्ही पुढे येऊन विचारलंत, ‘हिच्या जागी तुम्ही असता तर?’ पहिला उठला तो चौकातला एक पोरगा. त्यानं मालकिणीवर हात उगारला, टाळ्या पडल्या. तुम्ही त्याला खाली बसवलं नाहीत. लोकांना विचारलंत, ‘उद्या काम राहील? बाकी पगार मिळेल?’ टाळ्या थांबल्या. मग आमच्या गल्लीतली सत्तरीची आजी काठी टेकत आली. तिनं पिशवी स्वतःच उलटी केली आणि म्हणाली, ‘पाह्यलं? आता कागदावर लिहून दे, काही नाही भेटलं म्हनून.’ मालकिणीची भूमिका करणाऱ्या काकू खरोखर गोंधळल्या. वकिली शिकणाऱ्या एका मुलीनं येऊन सांगितलं, की अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. अर्ध्या वस्तीला हे पहिल्यांदा कळलं. आता कोणावर आळ आला तर तिघीचौघींनी मिळून जायचं, असं बायकांनी त्याच रात्री पायरीवर बसून ठरवलं. तुम्ही त्या वेळी सतरंज्या गुंडाळत होतात.

आमच्या मागच्या ओळीत बसलेल्या एका आजोबांनी गाण्यांतून, नाट्यातून चळवळीचा विचार पोचवणाऱ्या आंबेडकरी जलशांची आठवण काढली. सत्यशोधकांचे जलसे, भीमराव कर्डकांचे जलसे. ‘आपल्या लोकांनी हे आधीच केलं होतं बाई,’ म्हणाले. मला ते पटलं. तरी जलशात आईचं वाक्य आईच्या तोंडी राहिलं असतं का, हे मला माहीत नाही. त्या रात्री राहिलं. ‘मले एक बार इचारलं असतं तं.’ कोणी हसलं नाही. आमच्या शेजारच्या दोघी डोळ्यांना पदर लावत होत्या.

तेव्हापासून मी विचारणारी माणसं शोधत फिरते. दवाखान्यात सुई टोचण्याआधी ‘टोचू का?’ म्हणणारी एक नर्स. आईच्या चार घरांपैकी एका घरची वहिनी, जी पगार हातात देऊन ‘मोजून घ्या’ म्हणते आणि मोजून होईपर्यंत उभी राहते. अशी माणसं आहेत, ताई. मला आधी दिसत नव्हती.

तो ब्राऊन पेपर तुम्ही आम्हाला देऊन गेलात. आमच्या रॅकच्या वर लावला आहे. पत्रा तिथेच गळतो, म्हणून पाऊस लागायच्या आत आईनं त्याच्यावर प्लास्टिक ठोकून घेतलं.

हे पत्र लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, तुला काही लिहायचं आहे का. तिनं सांगितलं ते तसंच लिहिते:

‘ताईले म्हना, त्या रात्री जेवून नाही गेल्या. वडाभात करून ठेवला होता. आता आल्या तं आधी जेवाचं, मंग नाटक.’