करारातली कलमं वाचून दाखवणाऱ्या एका वाचकास

सप्रेम नमस्कार.

फे रोमान्स, म्हणजे लोककथांतल्या टेकडीखालच्या अमानवी लोकांच्या दरबारात घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्या. त्यांवरची मतं बहुतेक दोनच प्रकारची असतात. एक, ‘राजपुत्र कसला भारी आहे, रात्री तीनपर्यंत जागून संपवली.’ दुसरं, ‘हा काय पऱ्यांचा पोरखेळ.’ अशाच एका कादंबरीवर तुम्ही लिहिलेलं मत यांतल्या कुठल्याच खणात बसलं नाही. वकिलानं खरेदीखत वाचावं तसे तुम्ही त्या कादंबरीतले नियम वाचलेत, आणि प्रेमकथा कुठल्या कलमावर उभी राहिली, कुठल्या कलमावर घसरली, ते प्रकरणानिशी दाखवलंत. अशा कादंबऱ्या वाचणारे, त्यांवर लिहिणारे आणि एक-दोघं त्या लिहू पाहणारे, असे आम्ही काही जण त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानतो आहोत. कादंबरीचं नाव घेत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांना खुणा पटतील. ज्यांनी नाही त्यांनी सांभाळून, पुढे स्पॉयलर आहेत.

पहिले आभार ‘परी’ हा शब्द बाजूला ठेवल्याबद्दल. परी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंख, चांदणीची छडी आणि बालमासिकाचं मुखपृष्ठ येतं. शब्द आला फारसीतून, त्याचा या मंडळींशी संबंध नाही. फे म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांतले टेकडीखालचे लोक. अनेक कथांत ते माणसाएवढे उंच असतात, देखणे असतात, दरबार बाळगतात, शब्दाला पक्के असतात, पण दयामाया फारशी नाही. रॉबर्ट कर्क या स्कॉटिश धर्मोपदेशकानं १६९१-९२ च्या सुमारास त्यांच्याविषयी लिहून ठेवलं, तेही शेजारच्या राज्याची माहिती द्यावी अशा थाटात. एवढं ठाऊक असलं की नायिका राजपुत्राला पहिल्या भेटीत का घाबरते हे वेगळं समजवावं लागत नाही. परीकथा समजून पुस्तक उघडणाऱ्याची पहिली पन्नास पानं या गैरसमजातच वाया जातात.

नावांच्या उच्चारांची यादी दिलीत, तिचाही फार उपयोग झाला. इंग्रजी अक्षरांवरून ‘सिधे’ वाचत जाणाऱ्यांना तो शब्द ‘शी’ (या टेकडीखालच्या लोकांचं आयरिश नाव) आहे हे कळलं, ‘सॅमहेन’ हा ‘साउइन’ (हिवाळ्याच्या तोंडावरचा सण) निघाला, आणि नायिकेच्या मैत्रिणीचं नाव ‘ईफा’. आयरिश लिपीचे नियम वेगळे आहेत, एवढंच. पण नाव मनातल्या मनात नीट उच्चारता आलं नाही की ते पात्र वाचताना गुळगुळीत होऊन निसटतं. दरबारी कारस्थानांच्या कादंबरीत ते परवडत नाही.

आता मूळ मुद्दा, करार.

कादंबरीतला करार एका वाक्याचा आहे: एक वर्ष आणि एक दिवस नायिकेनं राणीच्या दरबारात राहायचं, बदल्यात ‘तुझा भाऊ जसा गेला तसा परत मिळेल’. बहुतेक वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जातात, कारण त्याच पानावर राजपुत्र पहिल्यांदा दिसतो. तुम्ही थांबलात. राणी चौथ्या प्रकरणात ‘जसा गेला तसा’ हे तीन शब्द दोनदा उच्चारते, आणि फे पात्र एखादा शब्द पुन्हा उच्चारतं तेव्हा फास तिथेच असतो, हे तुम्ही सांगितलंत. शेवटी भाऊ परत येतो तो नऊ वर्षांचाच, आणि त्याची धाकटी बहीण आता चोविशीची. राणीनं शब्द अक्षरशः पाळला. हा धक्का लबाडीचा वाटत नाही, कारण लेखिकेनं पुरावा आधीच उघड्यावर ठेवला होता. टेकडीखालचा वेळ वेगळा चालतो ही कल्पना काही तिची नव्हे. आयरिश दंतकथेत नीव्हबरोबर तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशात गेलेला ओशीन परततो तेव्हा इकडे तीनशे वर्षं उलटलेली असतात, आणि घोड्यावरून पडून जमिनीला अंग लागताच तो जख्ख म्हातारा होतो. कादंबरीनं तेच उलट्या बाजूनं वापरलं: म्हातारा झाला तो परतणारा नव्हे, वाट पाहणारा.

अशा करारावर विचारायचे तुमचे प्रश्न आम्ही तेव्हापासून प्रत्येक कादंबरीला लावतो आहोत. काय दिलं, काय मिळणार, मुदत किती, ती मुदत कुणाच्या घड्याळानं मोजायची, मोडला तर काय, आणि मोडला हे ठरवणार कोण? शेवटचे दोन प्रश्न लेखक सर्वांत जास्त विसरतात. शिक्षा आधी सांगितलेली नसली की लेखक कथेच्या सोयीनं ती ऐन वेळी शोधतो, आणि मग नायिकेची भीती वाचकापर्यंत पोचत नाही. कशाला घाबरायचं तेच ठाऊक नसतं. या कादंबरीत मुदत दोन्ही घड्याळांनी मोजून दाखवली आहे, हे तिचं मोठं बळ. करार मोडल्याचा निवाडा मात्र राणीच करते, आणि राणी करारातली एक बाजू आहे, हे कुणालाच खटकत नाही. दरबारात तसे पाच-सहा कायदेपंडित आहेत. ते नुसतेच मेजवान्या झोडतात.

खोटं बोलण्याचा भाग तर लेखनाच्या शिकवण्या घेणाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा. ‘फे खोटं बोलू शकत नाहीत’ हा नियम आजच्या कादंबऱ्यांत सरसकट असतो. त्याची जुनी मुळं विरळ आहेत, पण आहेत: जेराल्ड ऑफ वेल्स या मध्ययुगीन लेखकानं ११९१ च्या सुमारास नोंदवलेल्या एलिडोर नावाच्या मुलाच्या गोष्टीत जमिनीखालचे ते लहानखुरे लोक शपथ घेत नाहीत आणि असत्याइतका तिटकारा त्यांना कशाचाच नसतो. थॉमस द राइमरच्या स्कॉटिश पोवाड्यात तर फेंची राणीच थॉमसला सफरचंद देते आणि त्यानं त्याची जीभ कायमची खरी होते. तो बिचारा कुरकुरतो: मग मी बाजारात खरेदी-विक्री कशी करू, आणि बायकांशी बोलू कसा? (रोमान्स लिहिणाऱ्यानं ही तक्रार जपून ठेवावी.)

नियम मांडला की तो लेखकालाही बांधतो. अकराव्या प्रकरणात राजपुत्र नायिकेला सरळ म्हणतो, ‘तू मला आवडत नाहीस.’ विसाव्यात कळतं की त्याचं तिच्यावर पहिल्यापासून प्रेम होतं. वाचक गहिवरतात. तुम्ही शांतपणे विचारलंत: म्हणजे तो खोटं बोलला? आणि बोलू शकत असेल, तर आधीच्या दहा प्रकरणांतल्या त्याच्या शब्दांवर आम्ही विश्वास का ठेवला? नुसता दोष दाखवून तुम्ही थांबला नाहीत, दुरुस्तीही दिलीत. खोटं न बोलता फसवायचं असेल तर प्रश्न विचारावा, कारण प्रश्न खरा-खोटा नसतो. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या नावानं सांगावं. जर-तरची अट घालावी. अर्धंच सांगून विषय बदलावा. त्या जागी राजपुत्र एवढंच म्हणाला असता, ‘माझ्यासारख्याला तुझ्यासारखी आवडेल असं इथे कुणाला वाटतं?’ तर नायिका दुखावली असती, नियम शाबूत राहिला असता, आणि विसाव्या प्रकरणात वाचकानं मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं असतं. या प्रकारच्या कादंबरीची खरी गंमत पुन्हा वाचण्यातच आहे.

लोखंडाचा नियम मात्र कादंबरीनं तेवढा सांभाळलेला नाही. फे लोखंडाला घाबरतात, म्हणून नायिका परकराच्या काठात लोखंडी खिळा शिवते, ही जुनी, पक्की युक्ती. लोखंडाची भीती कर्कच्या लिखाणातही आहे. पण पोलाद हेही लोखंडच, मग राणीचे पहारेकरी पोलादी चिलखत घालतात कसे? कांसं चाललं असतं, गारगोटीही. स्कॉटलंडमध्ये सापडणाऱ्या गारगोटीच्या बाणाग्रांना लोक ‘एल्फांचे बाण’च म्हणत. शिवाय त्या नाचाच्या प्रसंगात राजपुत्र तिला कमरेशी धरून तासभर नाचतो आणि परकर त्याच्या पायाला घासत असतो. खिळा सगळ्यांच्याच विस्मरणात गेला.

‘फेटेड मेट’ (नियतीनं आधीच ठरवलेला जोडीदार) या ठरीव कथासूत्रावर तुम्ही लिहिलंत ते वाचून आमच्यातल्या काहींनी आपली जुनी मतं बदलली. नियतीनं जोडी ठरवली असेल तर नायिकेच्या होकाराला किंमत काय, हा प्रश्न. त्यात ती कराराने बांधलेली, तो तिचा पहारेकरी, वय तीनशे, वागणं एकोणिसाचं. तुमची कसोटी साधी होती: नाही म्हणता येईल असा एक तरी प्रसंग आहे का, आणि नाही म्हटल्यावर तिचं खरोखर काही बिघडत नाही असं लेखिकेनं दाखवलं आहे का? या कादंबरीत आहे. सोळाव्या प्रकरणात ती खोलीचं दार लावून घेते, आणि पुढचे तीन आठवडे तो त्या दाराशी फिरकत नाही, दरबारात तिची थट्टाही होऊ देत नाही. पहिलं चुंबन त्यानंतर येतं, म्हणून ते पचतं. आपल्याकडच्या शतपथ ब्राह्मणातली उर्वशी पुरूरव्याला ज्या अटी घालते त्यांतली एक ‘माझ्या इच्छेविरुद्ध जवळ यायचं नाही’ अशीच आहे, याची तुम्ही आठवण दिलीत. नग्न दिसायचं नाही ही अट सगळ्यांना पाठ असते, कारण गोष्ट तिच्यावर मोडते: गंधर्व कोकरं पळवतात, तो तसाच धावतो, वीज चमकते. दुसरी अट मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटाबद्दल तुम्ही कठोर होतात आणि ते योग्यच होतं. राजपुत्राला वाचवण्याचा प्रसंग उघडपणे टॅम लिनच्या स्कॉटिश पोवाड्यावर बेतला आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाच्या ३०५ पोवाड्यांच्या संग्रहात तो ३९ वा, आणि त्या गोष्टीचा उल्लेख थेट १५४९ पर्यंत मागे जातो. पोवाड्यात फेंच्या राणीच्या ताब्यातल्या टॅम लिनला सोडवणारी जॅनेट प्रेमाच्या बळावर जिंकत नाही, ती सूचना पाळून जिंकते. हॅलोविनची मध्यरात्र, माइल्स क्रॉसचा चौक. काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्याशुभ्र घोड्यावरच्याला खाली ओढायचं. खूण अशी की उजव्या हातात हातमोजा, डावा उघडा. मग तो तिच्या मिठीत साप होईल, अस्वल होईल, सिंह होईल, तापलेलं लोखंड होईल, सोडायचं नाही. शेवटी धगधगता निखारा झाला की विहिरीत टाकायचं, आणि माणूस होऊन बाहेर आला की आपल्या हिरव्या झग्याखाली झाकायचं. प्रत्येक पायरी आधी सांगितलेली, म्हणून ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो: ठाऊक सगळं आहे, झेपेल का? कादंबरीत राजपुत्र फक्त ‘विश्वास ठेव’ म्हणतो, रूपं कशीही बदलतात, आणि तिच्या अश्रूंनी जादू तुटते. चाळीस पानांचा ताण एका थेंबात विरघळला. इतके काटेकोर करार रचणाऱ्या लेखिकेला हे शोभलं नाही.

स्पायसी, म्हणजे शृंगाराचे उघड प्रसंग किती, कुठे, आणि त्यांतले कुठले गाळले तर कथा तुटत नाही, हे तुम्ही न लाजता आणि न चघळता लिहिलंत. बंदिवास आणि लहान मुलाचं हरवणं यांची पूर्वसूचनाही वर दिलीत. पहिला भाग क्लिफहँगरवर, ऐन उत्कंठेच्या टोकावर संपतो हे सांगितल्याबद्दल तर बरेच जण तुम्हाला दुवा देतील.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमत नाही. स्लो बर्न (प्रेम हळूहळू पेटत नेणं) फार ताणलाय, असं तुमचं म्हणणं. पहिल्या स्पर्शापासून चुंबनापर्यंत नऊ प्रसंग आहेत, आणि त्यांतल्या चारांत ऐन वेळी दार वाजतं, हे तुम्ही मोजलंत ते खरंच. ती चार दारं काढावीत. उरलेल्या पाचांत मात्र प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं: ती एक खरं उत्तर मिळवते, तो एक अधिकार सोडतो, एकदा तर दोघांपैकी कुणीच बोलत नाही आणि खोलीतला तिसरा माणूस उठून जातो. एक वर्ष आणि एक दिवसाच्या करारात याहून लवकर चुंबन आलं असतं तर तुम्हीच सर्वांत आधी हरकत घेतली असती.

जाता जाता, तुमच्या नजरेतून सुटलेली (किंवा मुद्दाम सोडलेली?) एक गोष्ट. करारासोबत नायिकेला राणीकडून तीन खरी उत्तरं मिळायची होती. एक ती सहाव्या प्रकरणात घेते, दुसरं अठराव्यात. तिसरा प्रश्न तिनं अजून विचारलेलाच नाही, आणि वर्ष संपलं, एक दिवस शिल्लक आहे. दुसरा भाग वाचून झाला की त्यावर लिहा. आम्ही तुमचं मत आधी वाचू, मग पुस्तक.

आपले आभारी,
फे कादंबऱ्यांचे काही वाचक