आप्पा, तो वायसर सापडला

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

लेकाच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकचा तो वायसर, ती पातळ चकती, सापडला, म्हणजे त्याची जागा सापडली. पुढच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्यात, क्राऊन नावाच्या मोठ्या गिअरच्या पाठीमागे, डब्याच्या आणि बेअरिंगच्या मध्ये. तुम्ही जयसिंगपूर सोडून लेकीकडे हुबळीला गेलात तेव्हापासून तो माझ्या कुंकवाच्या करंड्यात होता, हरवू नये म्हणून. गेल्या रविवारी मी एकटीने ट्रक पुन्हा उघडला आणि तो जागेवर बसवला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं झालं, ठेव" म्हणून मोकळे होता आणि माझे आभार तोंडातच राहतात. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव मात्र लिहीत नाही. आपल्या गावात आप्पा पुष्कळ आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

भावाने दोहाहून लेकासाठी तो ट्रक आणला तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. हातभर लांब, चारही चाकांना ताकद असलेला. पहिल्याच पावसाळ्यात गिअरवरचं झाकण कुठेतरी पडलं, दात्यांत खडा गेला, आणि ट्रक जागेवर उभा राहून नुसता किंचाळू लागला. मोटर फिरते, चाक हलत नाही. एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, याला हात लावू नका, नवीन घ्या. ट्रक खोक्यात गेला, खोकं माळ्यावर गेलं. वर्षभर लेकाने त्याचं नाव काढलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

मी कधी काही उघडलंच नव्हतं, आप्पा. आमच्या घरात पाना भावाच्या हातात असायचा आणि टॉर्च माझ्या. विहिरीवरची मोटर असो, रेडिओ असो, लग्नानंतर मिक्सर असो. मी टॉर्च चांगला धरते असं सगळे म्हणायचे. तुम्ही आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेत, म्हणून मी खोकं घेऊन तुमच्या ओसरीवर आले ते तुम्ही दुरुस्त करून द्याल म्हणून. तुम्ही खोक्यात डोकावलात, उठून आतून टॉर्च आणलात, आणि तो स्वतःच्याच हातात धरलात. "उघड की. काय बाँब हाय व्हय त्यात?"

माझ्या हाताला कंप होता. तुमच्याही हाताला होता, वयाचा. पण तुमचा उजेड हलला नाही.

आधी बॅटरी बाहेर, मग बाकी सगळं, हा तुमचा पहिला नियम. ती बॅटरी फुगलेली निघाली. पूर्ण भरलेली तशीच वर्षभर ठेवली होती. आता ठाऊक आहे की लिथियम पॉलिमरच्या बॅटरीचा सेल भरतो 4.2 व्होल्टला, पण ठेवून द्यायचा असेल तर 3.8 च्या आसपास आणून ठेवतात.

मग तुम्ही साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मागितलात. त्यावर मला ट्रकचा आकार काढायला लावलात, आणि जिथला स्क्रू निघेल तिथेच पुठ्ठ्यात टोचायला सांगितलंत. लांब स्क्रू कुठला, आखूड कुठला, कशाखाली वायसर होता, सगळं त्या पुठ्ठ्यावर. एका संध्याकाळी तो साळिंदरासारखा दिसायला लागला. निम्मी भीती तिथेच गेली, कारण माझी भीती उघडण्याची कधी नव्हतीच. परत जोडता येणार नाही याची होती.

मोठ्या गिअरचे दाते एका जागी झिजून सपाट झाले होते. नवीन मागवायचा तर दाते मोजायला हवेत. पहिल्या दात्याला नेलपॉलिशचा ठिपका देऊन मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा 54. तो आल्यावर पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरला, किती जवळ बसवायचा ते तुम्ही वहीच्या कागदाच्या पट्टीने दाखवलंत. पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. तिच्यावर दात्यांच्या घड्या उमटाव्यात, ती फाटू नये. माझी पहिली पट्टी फाटली, दुसरीवर काहीच उमटलं नाही, तिसरी नीट निघाली. ती मी जपून ठेवली आहे.

आणि स्क्रूची गोष्ट. प्लॅस्टिकमध्ये पुन्हा स्क्रू घालताना मी सरळ आवळायला गेले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला थांबवलंत. "जोर लावू नगंस. आधी उलटा फिरीव, टक् हुईल. त्याला त्याची वाट म्हाईत हाय." खरंच टक् झालं. स्क्रू जुन्या आट्यात बसला आणि दोन बोटांनी आत गेला. नाहीतर तो प्लॅस्टिकमध्ये नवे आटे कापतो, आणि दोन-चार खेपांत भोक ढिलं होतं. आता घरातल्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या वस्तूला मी आधी उलटं फिरवते. ते टक् बोटांना जाणवतं तेव्हा तुमची आठवण येते.

डिफरन्शियल मात्र मला समजेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही पुढची दोन्ही चाकं माझ्या दोन हातांत दिलीत आणि एक फिरवायला सांगितलंत. दुसरं उलटं फिरलं. मग म्हणालात, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वळतो तेव्हा आतलं चाक कमी चालतं, बाहेरचं जास्त, दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर टायर घासत जातील. म्हणून मध्ये हे छोटे गिअर. आणि चिखलात एकच चाक गरगर फिरत राहतं, दुसरं ढिम्म, तेही ह्याच्यामुळेच; म्हणून ट्रॅक्टरला लॉकचं पायडल. शिरोळच्या रस्त्यावर हंगामभर बघितलेलं ते दृश्य मला त्या दिवशी कळलं. एकच चाक असं मोकाट फिरू नये म्हणून आत काकवीसारखं घट्ट सिलिकॉन तेल घालतात, तेही मग सांगावं लागलं नाही.

सगळं जोडलं. ट्रक डब्यावर ठेवला, चाकं अधांतरी, आणि लेकाने रिमोट दाबला. मागची चाकं पुढे निघाली, पुढची मागे! माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, संपलं, मोडला मी. तुम्ही रिमोट बाजूला ठेवायला सांगितलात आणि एवढंच विचारलंत, "मागचं बरोबर, पुढचं उलटं. मग कुठं बघायचं?" आणि गप्प बसलात. किती वेळ गेला कोण जाणे, चहा गार झाला. तुम्हाला पहिल्या क्षणीच कळलं असणार. आयुष्यभर क्राऊन-पिनियन बसवलेला माणूस. तरी बोलला नाहीत. शेवटी मीच म्हणाले, क्राऊन त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसला असेल. उघडलं, डिफरन्शियल उलटं करून बसवलं, आणि चारही चाकं एका दिशेला धावली. लेक टाळ्या वाजवत अंगणात पळाला. तुमच्या त्या गप्प बसण्याचे आभार मानायला मला शब्द कमी पडतात. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतका वेळ कुणी गप्प बसलं नव्हतं.

आवरताना वर्तमानपत्रावर, ग्रीसला चिकटलेला तो वायसर दिसला. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. पुठ्ठ्यावर त्याची जागा नव्हती. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात. "चालतंय. पन पुढनं कर्र आवाज येतोय नव्हं? त्याला जागा हाय. घाई न्हाई." चार दिवसांनी तुम्ही हुबळीला गेलात.

चार महिने मी तो आवाज ऐकत होते. रविवारी पुठ्ठा काढला, पुढचा भाग एकटीनेच खोलला. डिफरन्शियल हौसिंगमध्ये आडवं हलत होतं. वायसर आधी चुकीच्या बाजूला घातला, तर आवाज वाढला. म्हणजे क्राऊन पिनियनपासून लांब चालला होता. मग दुसऱ्या बाजूला, क्राऊनच्या पाठीशी. हलणं थांबलं. स्क्रू उलटे फिरवले, टक्, मग सरळ.

आवाज गेला, आप्पा. लेकाने कान लावून ऐकलं आणि "गेला" म्हणाला. लाईट कमी होता म्हणून तोच टॉर्च धरून बसला होता.

डावीकडचा मागचा शॉकअब्सर तेल गाळतो आहे. त्याची रबरी रिंग मागवली आहे. दिवाळीत याल तेव्हा तो मी तुमच्यासमोर भरणार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर कळवा, आणि काकूंना नमस्कार सांगा. पुठ्ठ्यावर त्या वायसरसाठी आता लाल पेनाने जागा केली आहे.

तुमची,
समोरच्या घरातली पोरगी