कराडच्या दादांना जाहीर आभार

दादा, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार मनातच ठेवून चैन पडेना म्हणून लिहितेय.

2020 चा लॉकडाऊन लागला, अख्खं गाव घरात बसलं. पोरांचे क्लास, पुण्या-मुंबईहून परत आलेल्यांचं ऑफिस, सगळं आमच्या छोट्या ब्रॉडबँड सेवेवर चाललं आणि लाईन व्यवस्थित राहिली. त्या मार्चमध्ये तुम्ही आमचा सर्व्हर अपडेट करून द्यायला आला नसतात तर तेव्हा मला रात्रीची झोप नसती, खरंच सांगते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्राहकाचा राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन नेटला लागतो ना, ते काम आमच्या लिनक्स सर्व्हरवर पीपीपीडी नावाचा प्रोग्राम करतो, आणि त्यातच बफर ओव्हरफ्लो निघाला, म्हणजे ठरलेल्या जागेत न मावणारी माहिती बाहेर सांडते अशी चूक; तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-2020-8597, गंभीरपणा 10 पैकी 9.8. समोरच्या मशीनचं नाव ठेवायला 256 बाइटची जागा, नाव लांब आलं तर छाटायची ओळही कोडमध्ये होती, पण तिच्यातला हिशेबच चुकलेला त्यामुळे ती कधी लागूच व्हायची नाही, म्हणजे तांब्यात घागर ओतल्यासारखं. वर हा प्रोग्राम चालतो रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यात मोठ्या अधिकाराने, त्यामुळे ज्याच्याकडे पासवर्डच नाही असा माणूससुद्धा सर्व्हर ताब्यात घेऊ शकतो. 17 वर्षं हे असंच पडून होतं. आयओॲक्टिव्ह या सुरक्षा कंपनीच्या इल्या व्हॅन स्प्रुंडेल यांनी ते शोधलं, पीपीपीडी सांभाळणाऱ्या पॉल मॅकेरास यांनी दुरुस्त केलं, त्या दोघांचेही मनापासून आभार.

आता ज्यांनी सर्व्हर बसवून दिला, दरवर्षी एएमसीचे, म्हणजे देखभालीचे पैसे न चुकता घेतात, त्यांचं ऐका. फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुमच्याकडे ईएपी चालूच नाही, तुम्हाला काही होत नाही." ईएपी म्हणजे ओळख पटवायची एक पद्धत, चूक तिच्याच कोडमध्ये होती. परत विचारलं तर, "रूटचा पासवर्ड व्हॉट्सॲप करा, वेळ मिळाला की बघतो." तो वेळ काही मिळाला नाही. आमच्या ब्रॉडबँडच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले कंपनीवाले बोलतायत ना काही होत नाही, मग तू कशाला घाबरतेस. आणि तुम्ही आल्या आल्या सांगितलंत की ईएपी बंद असला तरी समोरून ईएपीचं पॅकेट आलं की पीपीपीडी ते वाचायला घेतोच, आणि घात तिथेच होतो. मालकांसमोर हे इतकं शांतपणे समजावलंत की त्यानंतर मला वेगळं काही बोलावंच लागलं नाही.

पण मला सगळ्यात लागून राहिलंय ते दुसरंच. सर्व्हरला लॉगिन करायची वेळ आली तेव्हा मी पासवर्डची डायरी तुमच्यासमोर ठेवली, तर तुम्ही ती बंद करून माझ्याकडे सरकवलीत. "ताई, हा मला सांगू नका, तुम्हीच टाका." आणि मी टाइप करत होते तेवढा वेळ तुम्ही खुर्ची खिडकीकडे फिरवून बसलात. मग एकेक कमांड सांगितलीत, कशासाठी ते सांगितलंत, बोटं माझीच चालवलीत. या धंद्यात इतकी वर्षं आहे, आमच्या सर्व्हरला, आमच्या कामाला आणि मलाही असा मान कोणी दिला नव्हता. तुमची आमची ना ओळख ना पाळख, तुम्हाला यातून काही मिळणार नव्हतं. पैशाचं विचारलं तर चहावर भागवलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन, "सगळे ग्राहक परत लागले का?" अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या छोट्या लोकांचं नेट चालतं, माझं हे ठाम मत झालंय.

एक सांगायचं राहिलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका केबलवाल्यालाही मी तपासायला लावलं, त्याचंही जुनंच व्हर्जन निघालं. फोनवर बसून त्याच्याकडून अपडेट करून घेतलं, पासवर्ड त्याचा त्यानेच टाकला. एकदा या दादा, मालक म्हणतायत निदान येण्याजाण्याचं भाडं तरी घ्याच.