माणशी पाव तिकीट

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून तुम्ही घाबराल, म्हणून आधीच लिहितो की येथे पुण्यात आम्ही सर्व जण खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असे आई विचारील. तिने ते बाबांना विचारावे. फोनवर दोन मिनिटे झाली की बाबा ‘बरं, ठेवतो आता, बिल चढतंय’ असे म्हणतात, आणि हल्ली बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत हे मी कितीही समजावले, तरी ‘ते कुठून तरी वसूल करतातच’ या एका वाक्यात माझे सगळे अर्थशास्त्र निकालात काढतात. पाच रुपयांच्या पाकिटातून वीस ग्रॅमपर्यंत कागद जातो आणि तो वाचायला कितीही वेळ लागला तरी दर वाढत नाही, ही सोय जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात हयात घालवलेल्या माणसाला पटावी, एवढ्याच आशेने हे लिहायला बसलो आहे.

बाबा, आपल्याकडे फोन आला तो नाव नोंदवून वाट पाहता पाहता माझी शाळा संपत आल्यावर. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि तुम्ही तबकडीला कुलूप घातले. त्याची किल्ली देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे असे, त्यामुळे आपल्या घरातून कोणाला फोन करायचा तर आधी देवदर्शन घडे. ताईने मात्र कुलपाला हात न लावता, रिसीव्हर ठेवायची कळ मोजून टकटक दाबत नंबर लावण्याची विद्या कोठून तरी मिळवली, आणि पुढचे बिल आल्यावर तुम्ही त्यावर तांबड्या शाईने प्रश्नचिन्हे काढत रात्रभर बसलात. (ताई आता आजी व्हायच्या वयाला आली आहे, तेव्हा हे प्रकरण उघड करायला हरकत नसावी.)

पुढे मी वसतिगृहात आलो तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होत असे, म्हणून अकराच्या आत फोन करायचा नाही असे तुमचे फर्मान होते. कोपऱ्यावरच्या पीसीओसमोर आम्हा सगळ्या काटकसरी बापांच्या मुलांची रांग लागे आणि आत काचेच्या खोलीत मीटरचे तांबडे आकडे पळत असत. एरवी नऊच्या ठोक्याला झोपणारे तुम्ही त्या रात्री खुर्चीत पेंगत बसलेले असायचा, आणि फोन उचलून जे बोलायचा ती शुद्ध तारेची भाषा असे : ‘पैसे पाठवले. घरी ठीक. अभ्यास कर. ठेव.’ मागून आई ‘नीट जेवतो का ते विचारा’ असे ओरडे, तुम्ही तिला ‘विचारलं’ असे सांगत आणि फोन ठेवत. देशातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण आमच्या कोल्हापूरच्या घरी ती अजून चालू आहे, असे मी येथे सर्वांना सांगत असतो.

हे सगळे मी हसत लिहीत असलो, तरी माझा हसण्याचा अधिकार या घरात कधीच काढून घेण्यात आला आहे. दिवे चालू दिसले की ‘घरात काय दिवाळी आहे का?’ असे माझ्याच तोंडून, तुमच्याच आवाजात बाहेर पडते. माणूस खोलीत बसलेला असताना मी पंखा बंद करतो, अशी तुमच्या सूनबाईंची तक्रार आहे आणि ती अगदीच खोटी नाही. मध्यंतरी खरेदीला गेलो असताना वाहनतळाचे वीस रुपये वाचावेत म्हणून मी गाडी पार नदीपलीकडे लावली आणि सगळ्यांना लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालवत नेले. उन्हाने चौघांनाही तहान लागल्यामुळे उसाच्या रसाला शंभर रुपये झाले, तेव्हा तुमच्या नातीने भर गुऱ्हाळात ऐंशी रुपयांचा तोटा जाहीर केला. मी तिला शांतपणे समजावले, की रस हा खाद्यपेयांच्या खात्यावरचा खर्च असून वाहनतळाच्या खात्यावर पूर्ण वीस रुपये शिल्लक आहेत. ती दहावीत आहे, तिला खातेवहीतले हे बारकावे कळत नाहीत. या बाबतीत तुमचे मत लेखी कळवावे, म्हणजे ते मला घरात सर्वांना दाखवता येईल.

एक मात्र मान्य करायला हवे, की तुमच्या काटकसरीला खरे वैभव आणले ते एसटीने. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना तिकीट माफ झाले आणि ज्या माणसाने स्वतःचा एकही वाढदिवस साजरा होऊ दिला नाही, तो आधार कार्ड वरच्या खिशात ठेवून वाहकाला आपली जन्मतारीख आपण होऊन सांगू लागला. पुढे १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा दोघांचा मिळून खर्च अर्ध्या तिकिटाचा, म्हणजे माणशी पाव, अगदी रात्री अकरानंतरच्या एसटीडीसारखा, हा हिशेब तुम्ही मला त्याच दिवशी कळवला होता. जन्मभर साध्या लाल गाडीशिवाय कशात पाय न ठेवणारे तुम्ही आता शिवशाहीसाठी तासभर थांबता, कारण तिकीट जितके महाग तितकी वहीतल्या ‘बचत’ या रकान्यातली रक्कम मोठी. फक्त निपाणीच्या आत्याकडे जाताना कागलच्या पुढे राज्याची हद्द संपते आणि तेथून तुम्हालाही पैसे मोजावे लागतात, हे तुमच्या जिव्हारी लागले. त्यावर आत्यानेच कागलला राहायला यावे, अशी सूचना तुम्ही तिच्याच घरी, तिने वाढलेल्या पानावर बसून केलीत, हे तिने मला फोनवर सांगितले. आणि ती चांगली अर्धा तास बोलली.

आता मुद्द्याचे. दसरा झाला की दोघेही पुण्याला या आणि दिवाळी आटोपूनच परत जा. कोल्हापूर ते पुणे हा सारा रस्ता महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे बाबांना अडचण पडू नये. येथे आल्यावर मीटर किती पडले हे रोज सकाळी वाचण्याचे काम बाबांकडे दिले जाईल, तसे नातवंडांनी ठरवून टाकले आहे. आई, कांदा-लसणाची चटणी आणशीलच, पण ती स्टीलच्या डब्यात आण, काचेच्या बरणीत नको. बरणी मांडीवर धरून बसायला तुला लागते आणि मग खिडकीची जागा बाबा घेतात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला आज्ञाधारक मुलगा