काकीचा हुर्राक

पेडणे, गोवा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू हसत होतास, ‘गोव्यात कसली रे दारूवर धाड?’ आमच्याकडे दारूबंदी नाही हे खरं, पण भट्टीला परवाना लागतो, विक्रीला वेगळा लागतो. आणि वाड्यावरचा हुर्राक, म्हणजे काजूची गावठी दारू, तर मागच्या दारानंच जातो.

आपल्या काकीचंच घे. मोसमात पहाटे काजूचे बोंडू वेचायचे, तुडवून रस काढायचा, आंबला की भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात चढवायचा. पहिल्या धारेचा तो हुर्राक. पुन्हा उकळून काढलेली फेणी वर्षानुवर्षं ठेवता येते, हुर्राक टिकत नाही. मेअखेरपर्यंत खपला तर खपला. बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ती ओट्यावरून विकते. गेल्या मोसमात ऐन एप्रिलमध्ये धाड पडली, कॅन उचलून नेले. दंडाचं काय, तो उसनवारी करून भरला. पण गेलेला माल पुन्हा काढायला झाडावर बोंडूच उरले नव्हते.

‘मग परवाना काढ म्हणावं,’ असं तू म्हणशीलच. मीही तिच्याबरोबर चौकशीला गेलो होतो. जागेचे कागद आणा म्हणाले. घर मुंडकारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचं; एक-चौदाच्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, आणि तो कसला देतोय ना-हरकत दाखला! २००९ मध्ये फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. वारसा आहे खरा, पण तो जपणाऱ्या काकीच्या नावावर उतारा नाही. विषारी दारूनं माणसं मरतात, तेव्हा तपासणी हवीच, त्यावर माझा वाद नाही. पण भट्टीवर येऊन मालाचा नमुना बघा ना, आधी उताराच कशाला?

परवाना असला म्हणजे सुटलो, असंही नाही. डिसेंबर २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठव. हमरस्त्यापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद; लहान गावांसाठी मार्च २०१७ मध्ये कोर्टानं ते अंतर २२० मीटर केलं. एक एप्रिल २०१७ ला रस्त्याकडेच्या बारांची शटरं खाली आली. पुढं आधी पालिका हद्दीत आणि २०१८ मध्ये पंचायतींतही वाट मोकळी झाली. मोठ्या बारवाल्यांनी तोवर कळ काढली. आमच्या नाक्यावरच्या तवेर्नवाल्यानं, म्हणजे छोट्या दारूच्या गुत्तेवाल्यानं, मात्र फ्रीज विकला; आता तो दुसऱ्याच्या बारात ग्लास विसळतो.

काकीनं यंदाही भाण घासून ठेवलंय. एप्रिलात ये. मात्र घरी न्यायला बाटली मागू नकोस, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. काय प्यायचं ते इथंच, लिंबू-मिरची घालून.

तुझाच,
पेडणेकर